चौदा नंबरचा अडॅप्टर

९ जानेवारी

चौदा,

फोन नको, पत्र लिही, असा तुझा हुकूम. का, तर फोनवर माझा आवाज चढतो. बरं. कागदावर आवाज चढत नाही असं वाटत असेल तर अक्षर बघ. पेन दोनदा कागदातून आरपार गेलंय.

मी ताईकडे आहे. बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो, सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड आहे. भावोजी रोज सकाळी माझे पाय ओलांडून दार उघडतात आणि विचारतात, "मग, काय ठरलं?" काही ठरलेलं नाही. दिवसा एका रिपेअरिंगच्या दुकानात जातो. मालकीण आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. तीस वर्षं हातात सोल्डरिंगची कांडी. माझं शिक्षण विचारलं. म्हटलं, अर्धं झालंय. म्हणाल्या, "अर्ध्याला इथे चालेल. पूर्ण झालेले फार बोलतात."

ताईने विचारलं, नक्की केलंस काय. मी नीट समजावलं, की संगणकाच्या सगळ्या कारभाराचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. त्यात प्रोसेसरचा वेग ठरवणारा एक भाग असतो, तो गव्हर्नर. काम आलं की वेग चढवायचा, संपलं की उतरवायचा. लॅबमधले पंखे उगाच घोंघावतात म्हणून मी गव्हर्नरमध्ये बदल केला. ताई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कर्नल काय, गव्हर्नर काय. तू कॉम्प्युटर शिकायला गेला होतास की सरकार पाडायला?"

हसू नकोस. शनिवारी मी बदल टाकला आणि सोमवारी एकतीसच्या एकतीस यंत्रं गोगलगाय झाली. मग आपल्या विभागप्रमुखांनी, फाइलसरांनी, सगळ्या वर्गासमोर माझ्यापुढे माफीनामा ठेवला: 'माझ्या कृत्यामुळे प्रयोगशाळेतील यंत्रे मंदावली.' नाही मंदावली माझ्यामुळे. तोच कर्नल, तोच बदल माझ्या लॅपटॉपवर आहे आणि तो झकास पळतो. हे मी सरांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, "लेखी द्या, फाइलला लावू." मी तो कागद त्यांच्याच टेबलावर घडी घालून ठेवला आणि निघालो. परत वळून बघितलं नाही. खोटं कशाला बोलू, तू आहेस का म्हणून एकदा बघितलं. नव्हतीस.

आता कॉलेजकडून पत्रं येताहेत. लॅबच्या भंगाराच्या खोक्यातून मी एक अडॅप्टर उचलला होता, आपल्या चौदा नंबरच्या टेबलाचा. माझ्या अडॅप्टरची वायर तुटली होती, कंपनी एकच, म्हणून टाकला बॅगेत. 'संस्थेची मालमत्ता परत करावी' म्हणून तीन पत्रं. भंगाराला मालमत्ता म्हणतात आणि मला भंगार. देणार नाही.

तू एक काम कर. आपल्या टेबलावर बस, प्रोसेसरचा चालू वेग दाखवणारी फाइल उघड, आकडा लिहून पाठव. बाकीचं मी शोधतो.

शेवटच्या फोनवर मी एक वाक्य बोललो होतो. त्यानंतर लगेच भांडलो म्हणून ते बाद झालं असं समजू नकोस.

तडतड्या


१७ जानेवारी

तडतड्या,

अक्षर पाहिलं. भोकंही पाहिली. फोन नको म्हटलं ते आवाजासाठी नाही. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस. पत्रात तुला शेवटच्या ओळीपर्यंत गप्प बसावं लागतं.

आकडा: तीन गिगाहर्ट्झ. एकतीस यंत्रांवर तीन. म्हणजे आपण पूर्ण वेगाने पळतोय असं यंत्रच म्हणतंय, आणि साधी फाइल उघडेपर्यंत मुलं चहा पिऊन येतात. फाइलसरांनी चौकशी संपेपर्यंत यंत्रांत काहीही बदलायला मनाई केली आहे, त्यामुळे जुना कर्नल घालून बघायचीही सोय नाही. चौकशी म्हणजे एक फाइल आहे. ती जाड होत चालली आहे.

आकडे जिराफाने वाचून आणले. शेजारच्या तुकडीतला उंच मुलगा, दारात डोकं वाकवून येतो तो.

माफीनामा दोन ओळींचा आहे. लिही आणि जूनमध्ये परत ये. दोन ओळी इतक्या जड आहेत का?

तुझ्या त्या वाक्याबद्दल आज काही लिहीत नाही. बाद झालेलं नाही, एवढंच.

चौदा


२१ जानेवारी

चौदा,

जिराफ का? आपल्या टेबलावर तू बसायचीस, आकडा तू बघायचास. मी जिराफाला पत्र लिहिलेलं नाही. त्याच्यापर्यंत पोचायला मला शिडी लागेल.

राहू दे. आकडा बघून मी एक पूर्ण दिवस दुकानात गप्प बसलो. बाईंनी विचारलं, घशाला काय झालं. मग लक्षात आलं. ती फाइल मिळालेला वेग दाखवत नाही, मागितलेला दाखवते. कर्नल प्रोसेसरला म्हणतो, तीन दे. आणि फाइलीत लिहून मोकळा होतो, तीन. मिळाले की नाही हे बघायला जात नाही. आपण सगळे तो आकडा वाचतो आणि म्हणतो, वेग तर ठीक आहे, म्हणजे कोणीतरी काहीतरी बिघडवलं असणार.

म्हणून आता घड्याळ लाव. मोजणीचा तो आपला छोटा प्रोग्राम आहे ना, एकपासून ठरलेल्या आकड्यापर्यंत नुसतं मोजत जाणारा. तो चालव आणि किती वेळ लागला ते हातातल्या घड्याळावर बघ. यंत्राला विचारू नकोस. माझ्या लॅपटॉपवर, प्रोसेसर तोच, एक्केचाळीस सेकंद लागतात.

माफीनाम्याचं म्हणशील तर, ओळी दोन असोत की अर्धी असो. जे मी केलं नाही ते केलं म्हणून मी लिहिणार नाही. लिहून परत आलो तर त्या टेबलावर रोज एक दुसराच माणूस येऊन बसेल, आणि तो मला आवडणार नाही. तुलाही नाही.

अडॅप्टरचं चौथं पत्र आलं. भावोजी म्हणतात, देऊन टाक, काय लंकेची लूट आहे का. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या संस्थेची एकच गोष्ट माझ्या मुठीत आहे, ती मी सोडणार नाही.

तू बस. जिराफ नको.

तडतड्या


२ फेब्रुवारी

तडतड्या,

पाच मिनिटं सात सेकंद. एकतीसपैकी नऊ यंत्रांवर घड्याळ लावलं, सगळीकडे तेवढेच, एकदोन सेकंद इकडे तिकडे.

म्हणजे तुझं खरं आहे. मागितलेले तीन, मिळालेले त्याच्या सातव्या हिश्श्याहून कमी. पण यंत्रांना वेग का मिळत नाही ते यावरून कळत नाही. सर म्हणतील, गव्हर्नर तू बदललास, दे उत्तर.

घड्याळ जिराफानेच लावलं. मी का बसले नाही ते विचारू नकोस. विचारलंस तर उत्तर देणार नाही, आणि उत्तर दिलं नाही म्हणून तू तडतडशील, आणि मला सध्या त्याला वेळ नाही.

चौदा


५ फेब्रुवारी

चौदा,

विचारत नाही. मला कळलं.

लॅबमध्ये माझ्या टेबलावर दिसलीस तर लोक म्हणतील, ही त्याच्या बाजूची. तेच तुला नको आहे. स्पष्ट लिहायचं होतंस. जिराफाच्या मागे लपायला जागा भरपूर आहे, ते मान्य.

मी असा लपलो नव्हतो. तू तापाने खोलीवर पडली होतीस त्या शनिवारी मी बदल टाकला तेव्हा शेवटी काय लिहिलं, माहीत आहे? आपल्या लॅबचा नियम आहे, जगभर कर्नल लिहिणारे पाळतात तोच, की प्रत्येक बदलाखाली दोन ओळी पाहिजेत. बदल कोणी केला, तपासला कोणी. पहिल्या ओळीत माझं नाव. दुसऱ्या ओळीत तुझं. 'तपासलं' म्हणून. लोक बाकांवर नावं कोरतात, झाडांवर कोरतात. मी कर्नलमध्ये कोरलं, माझ्याखाली लगेच तुझं, मध्ये रिकामी ओळसुद्धा नाही. तुला सांगणार होतो. फोनवर ते वाक्य बोललो त्याच्या पुढचं वाक्य हेच होतं.

पण तुला माझ्या नावाजवळ बसायचंच नसेल तर राहिलं. शोधेन मी एकटा.

तडतड्या


९ फेब्रुवारी

तडतड्या,

आता शेवटच्या ओळीपर्यंत गप्प बस.

ती ओळ मला माहीत आहे. तू निघून गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी फाइलसरांनी बोलावलं. टेबलावर बदलाची छापील प्रत, माझ्या नावाखाली लाल रेघ. "तपासलं असं तुम्ही म्हणता. काय तपासलंत?" मी त्या शनिवारी अंगावर दोन पांघरुणं घेऊन पडले होते. कुठला बदल, कसला बदल, मला काही ठाऊक नव्हतं.

लॅबची किल्ली त्याच दिवशी गेली. पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्स मी घ्यायचे ते काम गेलं. चौकशी संपेपर्यंत लॅबमध्ये पाय ठेवायला मनाई. तू 'टेबलावर बस, टेबलावर बस' लिहीत होतास ना. मी काचेबाहेर उभी राहून जिराफाला खुणा करत होते. तो बिचारा नऊ यंत्रांवर पाच-पाच मिनिटं वाकून घड्याळ बघत होता. त्याची मान धरली आहे. शिडीवरून त्याची थट्टा केलीस, आता त्याला मलम पाठव.

तुला हे सांगितलं नाही, कारण तू लगेच गाडी पकडून येऊन सरांच्या टेबलावर मूठ आपटली असतीस आणि होतं नव्हतं तेही गेलं असतं.

आता पुढचं. सरांनी मला एक कागद दिला आहे सहीसाठी. त्यात दोन वाक्यं आहेत. पहिलं: मी हा बदल तपासला नाही, माझं नाव मला न विचारता घातलं गेलं. दुसरं: त्या बदलामुळे यंत्रे मंदावली. सही केली की किल्ली परत, आणि तुझी जूनची वाट बंद. खोटी सही हा वेगळा गुन्हा आहे, ते तुला कायमचं काढतील. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत सही नाही केली तर मला प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देणार नाहीत, वर्ष जाईल.

पहिलं वाक्य अक्षर न् अक्षर खरं आहे. सही न करण्याचं कारण तू नाहीस, उगाच छाती फुगवू नकोस. दुसरं वाक्य खरं आहे की नाही मला माहीत नाही. एक खरं आहे म्हणून त्याच्या पाठीवर बसून आलेल्या दुसऱ्यावर मी सही करणार नाही. सर म्हणाले, "एवढा ताठा कुठून आला?" मी म्हटलं, "सर, टेबल नंबर चौदा."

बाकावर नाव कोरणारे निदान बाकाचंच नुकसान करतात.

तू एकटा शोधणार होतास ना. शोध.

चौदा


१९ फेब्रुवारी

चौदा,

या आधीची चार पत्रं फाडली. पहिल्या तिन्हींत मी सरांवर ओरडत होतो. चौथ्यात स्वतःवर ओरडत होतो, तेही ओरडणंच. हे पाचवं.

तुझं नाव मी घातलं. तुला विचारलं नाही. तू तपासलेलं नव्हतंस आणि मी लिहिलं, तपासलं. प्रेमाने लिहिलं हे खरं, पण तपासणाऱ्याचं नाव मिळाल्याशिवाय बदल आत जाणार नव्हता आणि मला सोमवारपर्यंत थांबवत नव्हतं, हेही तितकंच खरं. प्रेमाचं नाव पुढे केलं आणि घाईचं काम उरकून घेतलं. मला माफ कर. यात 'पण' नाही.

आता शोधलं ते. परवा एक शाळामास्तर दुकानात लॅपटॉप घेऊन आले. कासव. मी दिवसभर त्याच्या कर्नलमध्ये घुसून बसलो. मागितलेले अडीच हजार मेगाहर्ट्झ, मिळालेले चारशे. डिट्टो आपली लॅब. मी घामाघूम, आणि बाई पलीकडे एका रेडिओचं पोट उघडून बसलेल्या. त्यांनी विचारलं, "चार्जर कोणाचा?"

मी म्हटलं, बाई, हा कर्नलचा प्रश्न आहे, चार्जर चालू आहे, दिवा लागलाय.

"दिवा लागलाय ते दिसतंय मला. चार्जर कंपनीचा की बाहेरचा?"

बाहेरचा होता. बाईंनी उठून वायर काढली. बॅटरीवर, माझ्या डोळ्यांदेखत, यंत्र असं सुटलं की काय सांगू. बाई परत रेडिओत. "कोणीही मशीन आणलं की हे पहिलं विचारायचं. तुमच्या कॉलेजात शेवटी विचारतात वाटतं."

आम्ही शेवटीसुद्धा विचारलं नाही. त्या कंपनीची यंत्रं आपला अडॅप्टर ओळखतात. ओळखीचा नसला तर घाबरतात, हा किती वीज देईल कोण जाणे, आणि प्रोसेसर तापल्यावर वेग पाडायची जी एक तार असते तीच ओढून धरतात. प्रोसेसर गार असला तरी. मग कर्नल वर बसून कितीही मागू दे.

आणि मला तो शुक्रवार आठवला. स्टोअरवाले काका खोकं घेऊन लॅबमध्ये आले होते, टेबलाटेबलाखाली वाकून जुने अडॅप्टर काढून नवे लावत होते. म्हणून तर आपला जुना भंगारात होता, म्हणून तर मला मिळाला. आपली लॅबची यंत्रंही लॅपटॉपच, पण बॅटऱ्या फुगल्या म्हणून वर्षापूर्वीच काढलेल्या, त्यामुळे ती चोवीस तास अडॅप्टरवरच. फक्त माझा लॅपटॉप पळत होता, कारण त्याला जुना अडॅप्टर होता. दोन महिने पुरावा माझ्या उशाशी पडून होता आणि मी तो रागाने दाबून ठेवला होता.

आता वाईट भाग. त्या शुक्रवारी दुपारी चौदा नंबरच्या यंत्राच्या नोंदवहीत, म्हणजे कर्नल स्वतःच नोंदी करतो त्या लॉगमध्ये, एक ओळ हजारो वेळा उमटत होती: 'प्रोसेसर तापला, वेग कमी केला.' मी हात लावून बघितलं, गार. म्हटलं, खोटं बोलतंय, उगाच नोंदवही भरतंय. आणि माझ्या बदलातच ती ओळ बंद करून टाकली. बदल मी माझ्या लॅपटॉपवरच चालवून बघत होतो, म्हणून यंत्रं मंदावल्याचं लक्षातच आलं नाही. शनिवारी तो बदल एकतीस यंत्रांवर गेला. म्हणजे यंत्रं ओरडत होती, आणि त्यांचं तोंड मी दाबलं. तू त्या शनिवारी खरंच तपासलं असतंस तर पहिलं विचारलं असतंस, ही ओळ का काढलीस. तपासणारा दुसरा माणूस कशासाठी लागतो ते आता कळलं.

या पत्रासोबत पार्सल आहे. त्यात चौदा नंबरचा अडॅप्टर. बाकीचे तीस भंगारात विकले गेले असणार, शाबूत हा एकच असेल. माझा लॅपटॉप आता झाकून ठेवलाय. सोबत सरांच्या नावे एक पत्रही आहे, उघडंच. आधी तू वाच. द्यायचं की नाही तू ठरव. तुझं नाव आहे त्यात, म्हणून या वेळी विचारतोय.

तडतड्या


१९ फेब्रुवारी

विभागप्रमुखांस,

ही विनंती नाही, कळवणं आहे.

एक. बदलाखाली 'तपासलं' म्हणून जे नाव आहे ते मी घातलं. तिला विचारलं नाही. तिने काहीही तपासलेलं नव्हतं. ती खोटी ओळ माझी आहे आणि तिच्याबद्दल काय करायचं ते माझ्यावर करा. त्यासाठी तिच्या सहीची गरज नाही, माझी खाली आहे.

दोन. यंत्रं मंद मी केली नाहीत. नवे अडॅप्टर यंत्रांना ओळखू येत नाहीत. सोबतचा जुना अडॅप्टर कोणत्याही यंत्राला लावा आणि घड्याळ हातात घ्या. पडद्यावरचा आकडा वाचू नका, तो मागितलेला वेग आहे.

तीन. यंत्रं मंद मी केली नाहीत, मुकी मी केली. सूचनेची ओळ मी बंद केली. हे तुम्हाला माहीत नव्हतं, मी सांगतो आहे.

जे केलं ते वर लिहिलं आहे. जे केलं नाही त्याची माफी आजही मागणार नाही, जूनमध्येही नाही. मालमत्ता परत केली आहे, पोच द्यावी.

(सही)


२७ फेब्रुवारी

तडतड्या,

दिलं पत्र. दोनदा वाचून, एक रात्र उशाशी ठेवून, मग दिलं.

सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "ही काय पद्धत आहे लिहिण्याची?" मी म्हटलं, "सर, पद्धत नंतर. घड्याळ आहे का?" त्यांनी मनगट पुढे केलं. बहुधा नकळत.

लॅबमध्ये गेलो. दोन महिन्यांनी आत पाय ठेवला, आपल्या टेबलावर कोणीतरी च्युइंगम चिकटवलंय. स्टोअरवाले काकाही आले, हात मागे बांधून. मी आधी नव्या अडॅप्टरवर मोजणी लावली. पाच मिनिटं सर उभे. पाच मिनिटं किती मोठी असतात ते त्यांना पहिल्यांदाच कळलं असावं, मुलं रोज भोगतात. पाच मिनिटं सात सेकंद. मग यंत्र बंद करून वायर काढली, तुझा जुना लावून परत चालू केलं आणि मोजणी लावली. सर घड्याळाकडे बघत होते, मी सरांकडे.

एक्केचाळीस सेकंद.

काका म्हणाले, "म्हणजे मशीन अडॅप्टर ओळखतं? मला इथे बावीस वर्षं झाली, मला अजून गेटवर ओळखपत्र मागतात." आणि खोकं उचलायला निघून गेले. बिचाऱ्यांची काही चूक नाही. वर 'सर्व मॉडेलना चालेल' असंच छापलं होतं.

सरांनी बाही घड्याळावर ओढली. मग म्हणाले, "हे फाइलला लावा." मग माझ्याकडे वळले. "दुसरं वाक्य काढून टाकू. पहिल्यावर सही करा."

मी म्हटलं, "त्याने केली आहे. खाली आहे बघा."

त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. म्हणाले, "ठीक. त्याचं हे पत्र म्हणजे माफीनामाच आहे असं आपण धरू. जूनमध्ये येऊ दे."

आणि तडतड्या, मला तुझ्यासारखं झालं. कान गरम. मी म्हटलं, "धरू नका, सर. त्याने तुमची माफी मागितलेली नाही. माझी मागितली आहे, वेगळ्या पत्रात. तुम्हाला त्याने फक्त खरं काय ते कळवलंय. त्यावर घ्यायचं असेल तर घ्या."

किल्ली मी तोपर्यंत उचलली होती, हे बरं. सर म्हणाले, "विचार करू." म्हणजे फाइल.

तर तुझी जूनची वाट मी बंद केली असेन किंवा उघडली असेन, मला माहीत नाही. आता तू रागव.

चौदा


३ मार्च

चौदा,

रागावलो नाही. पत्र वाचून दुकानात इतका हसलो की बाई म्हणाल्या, पगार वाढल्यासारखं काय हसतोस, वाढवलेला नाही.

धरून घेतलेल्या माफीवर मी परत येणार नाही. सरांचा विचार करून होईपर्यंत इथेच आहे. अर्ध्याला चालतं इथे. ताईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कर्नल, गव्हर्नर सगळे निर्दोष, गुन्हेगार प्लग." भावोजींनी सकाळी पाय ओलांडताना पहिल्यांदाच काही विचारलं नाही. उलट आपला चार्जर दाखवला, "हा कंपनीचा आहे ना रे?"

नवा बदल सोबत पाठवतो आहे, दुकानातल्या यंत्रावर लिहिला, माझ्या लॅपटॉपला अजून वीज नाही. दोन गोष्टी केल्या. बंद केलेली ओळ परत चालू केली, पण हजारदा नाही, एकदाच आणि स्पष्ट: 'वेग मागितला तेवढा मिळत नाही, अडॅप्टर तपासा.' आणि फाइलीत आता दोन आकडे दिसतील, मागितलेला आणि मिळालेला, शेजारी शेजारी.

खाली दोन ओळी आहेत. पहिलीत माझं नाव. दुसरीत लिहिलंय 'तपासलं', आणि पुढे कोरं. तू प्रत्येक यंत्रावर चालवून बघ. चुकलं असेल तर फेकून दे, फाडून लिहीन. बरोबर असेल आणि वाटलं तर नाव घाल, न वाटलं तर जिराफाचं घाल. मी त्याला मलम पाठवलंय.

आणि ते वाक्य. आता न भांडता लिहितो: माझं तुझ्यावर प्रेम आहे. हा मागितलेला वेग. मिळेल तो तू ठरव, आणि जो असेल तोच आकडा सांग.

तडतड्या


११ मार्च

तडतड्या,

बदलाची मनाई उठली. एकतीस यंत्रांवर चालवला. जिराफ आत नव्हता, काचेबाहेर उभा होता, मान तिरकी धरून. मलमाचा वास बाहेरून येत होता.

तीस यंत्रं बोलली. पहिल्या मिनिटाला, एकदाच, स्पष्ट. एक गप्प राहिलं, कारण त्याला तक्रार नाही. ते कुठलं ते सांगायला नको. मी त्याच्याच समोर बसून हे लिहिते आहे.

तुझी एक चूक काढली. झोपलेलं यंत्र जागं झालं की तुझी ओळ पुन्हा उमटत नव्हती, परत मुकं. मी दुरुस्त करून जोडलंय. तपासायला माणूस लागतो म्हणतोस ना, घे. सरांनी नव्या अडॅप्टरांच्या मागणीवर सही केली, या वेळी कंपनीच्याच. तुझ्याबद्दल म्हणाले, "त्याला म्हणावं, पोच पाठवली आहे." पोच मी पाहिली. 'एक अडॅप्टर, चालू स्थितीत.' चालू स्थितीत हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय. त्यांच्याकडून एवढंच निघेल, घेऊन टाक.

दुसऱ्या ओळीत माझं नाव घातलं आहे. मी घातलं. नीट बघून ठेव, मागच्या वेळी तू स्पेलिंगही चुकवलं होतंस.

तुझ्या वाक्याचा आकडा कागदावर देणार नाही.

फोन कर. आवाज चढला तर चढू दे, पण माझं वाक्य पुरं झाल्यावर.

चौदा